डोळा लागला असेल

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे अर्धंमुर्धं एकाला माहीत आहे — निखिलला — पण त्याच्या लेखी तो मी जिंकलेला एक डाव होता आणि तो केव्हाच विसरलाही असेल. उरलेलं अर्धं, जे खरं वाईट आहे, ते बायकोलाही माहीत नाही. दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं होतं. मग मी टीव्हीचा आवाज वाढवला, नाहीतर पाणी प्यायला उठलो. तुम्हालाच का सांगतोय? बहुतेक तुम्ही माझ्या वडिलांना ओळखत नाही म्हणून.

गोष्ट एका कॉम्प्युटर गेमपासून सुरू होते. हसा खुशाल. मलाही आधी वाटायचं की इतक्या फालतू गोष्टीतून इतकं मोठं काही होऊच शकत नाही.

मी आठवीत असताना आमच्या खांदा कॉलनीतल्या घरात कॉम्प्युटर आला. सुटे भाग आणून जुळवलेला, पंखा घरघरणारा. पनवेल स्टेशनजवळच्या एका दुकानातून मी एक सीडी आणली. गेमचं नाव सांगत नाही. त्याचे दर दोन-तीन वर्षांनी भाग निघायचे एवढं पुरे. त्यात आपला जो माणूस असायचा त्याला मी बोका म्हणायचो. बोक्याने मोठमोठ्या इमारतींत शिरायचं, पण कोणाच्या नजरेला पडायचं नाही. त्याच्याकडे बंदूक होती, पण ती काढायची वेळ आली म्हणजे आपण हरलोच समजायचं. अंधाऱ्या कोपऱ्यात उभं राहायचं, पहारेकरी पाठ फिरवेपर्यंत थांबायचं, मग दोन पावलं. पुन्हा थांबायचं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला कधी कधी अर्धा तास लागायचा.

आता बाबांबद्दल. बाबा मूळचे उरणकडचे, मिठागरात काम करणाऱ्या घरातले. मिठागरं गेली तसे ते इकडे आले आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामाच्या आवारात वॉचमन म्हणून लागले. दिवसपाळी. मी शाळेपासून शहरी मराठी बोलायचो, ते शेवटपर्यंत त्यांचंच बोलले. आमच्यात भांडण असं कधी नव्हतं — बोलण्यासारखंही काही नव्हतं. दहावीला किती पडले, जेवलास का, झालं.

एका संध्याकाळी मी एका दारापाशी सतराव्यांदा पकडला गेलो होतो. बाबा मागे चहाचा कप घेऊन उभे होते. म्हणाले, "आता नाय जायचं. तो परत वळनार हाय."

मी थांबलो. पहारेकरी खरंच वळला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याचे पाय बघ. दमलाय तो. दमलेला मानूस लांबपर्यंत जात नाय."

गेम बनवणाऱ्यांनी पहारेकऱ्याचे पाय दुखण्याची सोय केली असेल असं मला वाटत नाही. पण त्या दिवसापासून बाबा माझ्या मागे पलंगाच्या कडेवर बसायला लागले. माउसला त्यांनी कधी हात लावला नाही. नुसतं सांगायचे. दोन वॉचमन भेटले की एकमेकांकडे तोंड करून बोलतात, राखायच्या मालाकडे दोघांचीही पाठ असते. हातात काठी असेल तर माणूस काठीच्या उलट्या बाजूने वळतो. बाबा स्वतः उजव्या हातात काठी धरायचे आणि कायम डावीकडून वळायचे. मी नंतर मुद्दाम बघितलं. आणि आवाज आला की वॉचमन आधी धावत नाही, आधी खाकरतो. गेममधले पहारेकरी खाकरत नाहीत याचं त्यांना फार हसू यायचं. म्हणायचे, "चोर पकडाला आमाला ठेवत नाय रे. इथं कोनीतरी जागं हाय हे चोराला कळावं म्हनून ठेवतात."

असे आम्ही तीन भाग खेळलो. तीन भाग म्हणजे किती वर्षं, विचार करा. वडील-मुलगा शेजारी बसून श्वास रोखून एका दाराकडे बघतायत, आणि दार पार झालं की बाबा माझ्या पाठीवर थाप मारतायत. मी म्हणायचो, बाबा, एक दिवस तुमच्यासमोरून जाऊन दाखवतो. ते म्हणायचे, जा की. मी सुखात होतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मला सांगवणार नाही.

चौथा भाग आला तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कंपनीला वाटलं असणार की लोकांना वाट बघायचा कंटाळा येतो. बोका आता लपायचा नाही. पळायचा, भिंतींवर चढायचा, खिडकी फोडून आत यायचा. एक बटण होतं — दिसतील त्या तीन-चार पहारेकऱ्यांवर खूण करायची, बटण दाबायचं, पापणी लवायच्या आत सगळे खाली. अंधार होता, पण दिवाणखान्यात लावलेल्या पडद्यासारखा, शोभेपुरता. इंटरनेटवर जुने खेळणारे बोंबलत होते की मालिकेची वाट लावली. मीही चारचौघांत बोंबलायचो.

पण मला तो आवडला. घरी एकटा असलो की तहानलेल्यासारखा खेळायचो. किती वर्षं मी त्या कोपऱ्यांत अंग चोरून उभा होतो! आता थांबायचं नाही, कोणाचे पाय बघायचे नाहीत. बटण दाबा, मोकळे व्हा.

बाबा पहिल्या दिवशी नेहमीसारखे येऊन बसले. मी तीन पहारेकरी एका दमात पाडले. त्यांनी कप खाली ठेवला. मग विचारलं, "यांनी काय केलंवतं?"

"काही नाही. मध्ये उभे होते."

"उभं राहायचंच काम असतंय त्यांचं," बाबा म्हणाले. कप घेऊन आत गेले. पुन्हा माझ्या मागे येऊन बसले नाहीत. रागावले नव्हते, मला काही बोललेही नाहीत, आणि तेच मला झोंबलं. रागावले असते तर मी भांडलो तरी असतो.

निखिल आमच्याच इमारतीतला, माझ्या वर्गातला, आणि त्याच्याकडे माझ्याहून वेगवान मशीन. त्याला जुने भाग म्हणजे डोकेदुखी वाटायची. एकदा वाद घालता घालता तो म्हणाला, "खरे वॉचमन झोपलेलेच असतात यार. त्यांना चुकवायला अर्धा तास कशाला पाहिजे?" त्याने बाबांना उद्देशून म्हटलं होतं का? मला आजही सांगता येत नाही. मी म्हणालो, माझ्या बाबांसमोरून जाऊन दाखव. तो म्हणाला, तूच दाखव. काहीतरी आण आतून, तर मानलं.

इथे मला सोयीचं खोटं बोलता येईल — बाबांच्या इभ्रतीसाठी गेलो, म्हणून. तसं नव्हतं. मला त्यांना हरवायचं होतं. ज्या माणसाने मला लपायला शिकवलं आणि मग माझ्याकडे पाठ फिरवली, त्याच्या डोळ्यांदेखत मला जाऊन दाखवायचं होतं.

रविवार. मे महिना. लोखंड बाजार रविवारी बंद असतो. रस्ते मोकळे, ट्रक ओळीने झोपलेले. निखिल समोरच्या चहाच्या टपरीवर थांबला. मी नाल्याच्या अंगाने मागे गेलो. तिथे कुंपणाच्या भिंतीचा वरचा थर ढासळलेला होता. लहानपणी बाबांचा डबा घेऊन यायचो तेव्हापासून मला ते आवार तळहातासारखं माहीत होतं. भिंत चढलो, आत उतरलो. लोखंड इतकं तापलं होतं की ढिगाजवळून गेलं तरी गालाला झळ लागत होती.

बाबा खुर्चीत नव्हते. खुर्ची रिकामी होती, त्यांचा टॉवेल तिच्यावर वाळत घातलेला. ते फाटकापासून शेडपर्यंत फेरी मारत होते, काठी उजव्या हातात. मी लोखंडी अँगलच्या थप्पीमागे बसलो. वाट बघितली. जुन्या भागांसारखी, अगदी शहाण्यासारखी. ते पलीकडे गेले, मी पाइपांच्या ढिगापर्यंत सरकलो. आणि माझा पाय एका सुट्या पत्र्यावर पडला.

टण् असा आवाज झाला. एवढासाच.

बाबा खाकरले.

ते वळले आणि चालत ढिगाकडे यायला लागले. चपलांचा आवाज, काठीचा आवाज, मग दोन्ही थांबले. ते माझ्यापासून सहा-सात फुटांवर उभे होते. दोन पाइपांच्या फटीतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. घाम, पांढरी दाढीची खुंटं, आणि डोळे. डोळे टक्क उघडे होते. त्यांनी ढिगाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, ढासळलेल्या जागेकडेही बघितलं. मी श्वास घेत नव्हतो. मग ते वळले. डावीकडून.

मला हसू फुटायला आलं होतं! तेव्हाच उठून "भोऽक" केलं असतं तर? काठी उगारली असती, मग मला ओळखून शिव्या घातल्या असत्या, आणि आठवडाभर आईला तेच तेच सांगून हसले असते. मी किती वेळा त्या ढिगामागून उठलोय, मनातल्या मनात.

उठलो नाही. बाबा शेडच्या छोट्या दारापाशी गेले. आत पाण्याची टाकी होती. त्यांनी कुलूप उघडलं, किल्लीसकट कोयंड्याला अडकवलं आणि बाटली भरायला आत गेले. आता खरं तर मी आलो तसा परत जायला हवं होतं. वाटेतला एखादा नट नाहीतर तारेचा तुकडा उचलला असता तरी निखिलला पुरलं असतं. पण ते कुलूप समोर लटकत होतं, आणि मला त्या नव्या भागातलं बटण दाबल्यासारखं झालं. मी पळालो. सहा ढांगा, कुलूप हातात, तिथून थेट भिंत. लपलो नाही, मागे बघितलं नाही, थांबलो नाही.

टपरीवर निखिलने माझ्या पाठीत धपाटा घातला. "मानलं." आम्ही चहा प्यायलो. कटिंग संपेपर्यंत मी खरोखर खूश होतो, हेही लपवत नाही. पुढच्या फाटकाने जायचं, कुलूप बाबांच्या हातात ठेवायचं, असं ठरवून मी एकटाच रस्ता ओलांडायला निघालो.

फाटकाशी गोदामाच्या मालकांची, शेठची गाडी उभी होती. रविवारी ते कधी येत नसत. आले होते.

मी एका ट्रकच्या मागे थांबलो. छोटं दार उघडं, कोयंडा रिकामा, शेठ हात उडवून बोलतायत आणि बाबा त्यांना आपले दोन्ही तळवे दाखवतायत. तळवे का दाखवत होते? काठी कुठे ठेवली होती त्यांनी? माझ्या खिशात ते कुलूप मांडीला टोचत होतं. वीस पावलं असतील. मी घेतलं, गंमत केली, एवढं म्हटलं असतं की संपलं होतं. बाबांनी जन्मात माझ्यावर हात उचलला नव्हता, म्हणजे माराची भीती नव्हती. शेठची? ते कोण लागून गेले होते माझे? मला फक्त दिसायचं नव्हतं. त्या दोघांनी एकदम मान वळवून माझ्याकडे बघितलं असतं, ते मला नको होतं. मी ट्रकांच्या आडोशाने निघून गेलो. दुसऱ्या दिवशी गाढीच्या पुलावरून कुलूप नदीत टाकलं.

इथपर्यंत भेकडपणा झाला. भेकडपणा मी एखाद वेळेस सांगूनही टाकला असता. पुढचं ऐका.

संध्याकाळी बाबा घरी आले. काही चोरीला गेलं नव्हतं. शेठ चिडले होते, पण म्हणाले होते, चार दिवस जाऊ दे, बघू. बाबांना नोकरीची चिंता वाटतच नव्हती. त्यांना एकच लागून राहिलं होतं. ते माझ्यासमोर जमिनीवर बसले, आणि बोटाने फरशीवर आवार काढायला लागले. इथं फाटक. इथं शेड. इथं पायपांचा ढीग.

"तू सांग मला. तुला यातलं कळतं," ते म्हणाले. "पत्रा वाजला. मी खाकारलो. जाऊन बघितलं, इथंवर. कोनी नाय. मग मानूस गेला कुठून?"

कितीतरी महिन्यांनी ते माझ्याशी असं बोलत होते, पुन्हा पलंगाच्या कडेवर बसल्यासारखं. त्यांचं बोट ढिगाच्या जागेवर थांबलं. तिथेच घुटमळायला लागलं. अजून एक पायरी, आणि त्यांना पुढचा प्रश्न पडणार होता — मी डावीकडून वळतो हे कोणाला माहीत आहे? त्यांना तो पडलाच असता. माणूस हुशार होता.

म्हणून मी म्हणालो, "बाबा, तुमचा डोळा लागला असेल."

त्यांनी वर बघितलं. "नाय रे. मी उभा व्हतो."

"उभ्यानेही लागतो. उन्हाने होतं तसं. दोन-तीन मिनिटांची झोप असते, डोळे उघडे राहतात, आणि माणसाला वाटतं आपण जागेच होतो. स्वतःला कळतच नाही." हे मी कुठेतरी इंटरनेटवर वाचलं होतं. त्यातलं इंग्रजी नावही मी त्यांना सांगितलं. शिकलेल्या मुलासारखं, समजावून, अगदी मायेने सांगितलं.

आई मध्ये पडली. "वीस वर्सं झाली लग्नाला, या मानसाला दुपारचं झोपलेलं मी बघितलं नाय," ती म्हणाली. मी तिलाही समजावलं. वय होतंय, आई. साखर तपासून घेऊ. ती ओट्याकडे वळली. माझ्याकडे कॉलेजचं शिक्षण होतं, तिच्याकडे फक्त वीस वर्षं होती.

बाबांनी फरशीवरचं बोट उचललं.

तिसऱ्या दिवशी ते आपण होऊन शेठकडे गेले आणि म्हणाले, माझा डोळा लागला असेल. कोणी विचारलं नव्हतं! शेठ विसरायच्या बेतात होते. पण स्वतःच्या तोंडाने झोपलो म्हणणारा वॉचमन कोण ठेवील? त्याच दिवशी त्यांना घरी पाठवलं. बाजारात ही बातमी पसरायला वेळ लागत नाही, दुसरं कोणतंही गोदाम त्यांना उभं करेना. शेवटी सुकापूरच्या एका सोसायटीत पाण्याचे पंप चालू-बंद करायचं काम मिळालं.

म्हणजे कबुली त्यांनी दिली. न केलेल्या गोष्टीची, तीन दिवसांत. मी दहा वर्षं गप्प आहे.

नोकरी गेली ते एक वेळ सोडा. पण बाबांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला, त्याचं काय करू? त्यांची साखर व्यवस्थित निघाली, तरी दुपारचं जेवण सोडलं ते सोडलंच. पोटभर खाल्लं की सुस्ती येते म्हणून. आजही संध्याकाळपर्यंत चहावर राहतात, पित्ताने हैराण होतात. टीव्ही बघता बघता आईला विचारतात, मी आत्ता झोपलोवतो का? आई म्हणते, नाय. मग माझ्याकडे बघतात. मीही नाही म्हणतो. माझ्याकडून नक्की करून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, कारण त्यांच्या मते या विषयातलं मला कळतं.

तुम्ही म्हणाल, मग सांग ना आता. किती साधं आहे! मला माहीत आहे किती साधं आहे ते.

आता आम्हीही सुकापूरलाच राहतो. गेल्या महिन्यात आमच्या इमारतीला नवा वॉचमन आला, घाटावरचा, पन्नाशीचा माणूस. मी कामावरून येत होतो. बाबा खाली त्याच्याशी बोलत उभे होते, मी शेजारी जाऊन थांबलो. बाबा त्याला सांगत होते की दुपारी खुर्चीवर टेकायचं नाही. त्यांनी एकदा टेकलं होतं. टॉवेल डोक्यावर घेतला, जरा बरं वाटलं, मान खाली गेली, आणि जाग आली तर कुलूप गायब. सगळं बारीकसारीक सांगत होते — ऊन कसं होतं, मान कशी आखडली होती. दहा वर्षांत त्यांनी ती झोप स्वतःच तयार केली होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते इतकं खरं सांगत होते की क्षणभर मलाही ते खुर्चीत दिसले.

वॉचमन म्हणाला, "पण काका, तुमाला पक्कं ठावं हाय का, झोपला व्हता म्हनून?"

"याला विचार," बाबा म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "यानंच सांगितलंय मला. मला तर कळलंबी नसतं."

वॉचमनने माझ्याकडे बघितलं. बाबांनीही बघितलं.

मी "हो" म्हणालो, आणि जिना चढून वर आलो.